सर, दार उघडत नाही

जगातला हा बहुधा एकमेव बंदुकीचा खेळ असेल, ज्याच्या पहिल्या दोन प्रकरणांत बंदूकच नव्हती. तो आमच्या सरांनी तयार केला होता. अमेरिकेत नव्हे, देवळाली प्रवऱ्यात, खताच्या दुकानाच्या माडीवर. पोरं काकुळतीला येऊन विचारायची, "सर, बंदूक कधी मिळंल?" सर चष्म्याच्या वरून बघत म्हणायचे, "तिसऱ्या प्रकरणात. घाई कुणाला आहे?"

घाई सगळ्यांनाच होती, पण सरांना ते कोण सांगणार!

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. माडीवर एका बाजूला चार कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला सहा टाइपरायटर. कॉम्प्युटर सरांकडे, टायपिंग माझ्याकडे, आणि खालच्या दुकानातून येणारा कीटकनाशकाचा वास दोघांत सामाईक. मी कॉम्प्युटरकडे पाठ करून बसायचे. मुद्दामच. माझ्या मते कॉम्प्युटर म्हणजे चार दिवसांचं खूळ होतं आणि टायपिंग कायमचं राहणार होतं. माझी भविष्यवाणी किती अचूक ठरली ते सगळ्यांना दिसतंच आहे.

सर चाळिशीचे. भर उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. खिशाला दोन पेनं: निळं सहीसाठी, तांबडं दुसऱ्याच्या चुकांसाठी. आणि मराठी इतकी शुद्ध की ऐकताना आपलीच पाठ ताठ व्हायची. दारावर पाटी होती, "कृपया पादत्राणे बाहेर काढावीत." एकदा एका मुलाच्या आईनं चपला काढता काढता विचारलं, "सर, चपलांनी व्हायरस येतो म्हनं आत?" सर म्हणाले, "नाही ताई, व्हायरस फ्लॉपीतून येतो. चपलांनी माती येते, आणि फरशी मी पुसतो." त्या माउलीला यातलं काय कळलं कोण जाणे, पण पुढच्या वेळी तिनं पाय धुऊन वर प्रवेश केला.

"सर, तुम्ही मूळचे कुठले?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "नगरचा."

"नगरात कुठं?"

"नगरातच."

आता नगरचा माणूस स्वतःची गल्ली सांगितल्याशिवाय गप्प बसत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. पण सरांच्या तोंडून गल्ली कधी निघाली नाही. एकदाच, ऐन काम चालू असताना लाइट गेली आणि दोन तासांची मेहनत पडद्यावरून पुसली गेली, तेव्हा सरांच्या तोंडून निघालं, "आरं तुज्या मायला...!" सगळी माडी थक्क. सरांनी लगेच घसा खाकरला आणि म्हणाले, "क्षमस्व. वीजपुरवठा खंडित झालेला आहे." पुढं महिनाभर आम्ही लाइट गेली की एकमेकांना "क्षमस्व" म्हणत होतो.

तर खेळ. पुण्याहून कुणीतरी एका परदेशी खेळाची सीडी आणली होती. त्यात खेळाबरोबर आपापल्या खोल्या, भिंती, दारं, राक्षस रचायची सोय होती. मुलांनी खेळ घेतला, सरांनी ती सोय घेतली. पुढची दोन वर्षं दुपारचे वर्ग सुटले की सर भिंती बांधायला बसायचे. परदेशी खेळात मराठी अक्षरं येईनात, म्हणून भिंतीवरच्या पाट्या चित्र म्हणून काढायच्या, असं ठरलं. आणि हे काम कुणाच्या गळ्यात? माझ्या. मी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून अक्षरं काढायची आणि सर एकेक ठिपका मोजून ती कॉम्प्युटरात उतरवायचे. "क्ष" ला माझी अख्खी दुपार गेली होती. आपण कसला खेळ करतोय हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, असेल काहीतरी खुळेपणा. होताच.

कथा अशी. सन एकवीसशे. मंगळावर साखर कारखाना. मंगळावर ऊस आहे. पाणी कुठून येतं ते विचारायचं नाही, इथं तरी कोण विचारतं? तुम्ही कारखान्यावरचे नवे रखवालदार. पहिलं प्रकरण नेमणुकीचं पत्र मिळवण्यात जातं, दुसरं ओळखपत्रावर शिक्का घेण्यात. साहेब जागेवर नसतात. तिसऱ्यात बंदूक मिळते, तीही दोन सह्या झाल्यावर. मग हंगाम सुरू होतो आणि आकाशातून दुसऱ्याच ग्रहावरची माणसं उतरतात. हिरवी, तीन डोळ्यांची, डोक्यावर बोचकी, हातात वाकडं पातं. चौथं प्रकरण उसातलं. चारी बाजूंनी ऊसच ऊस, वाट म्हणून दिसत नाही. पोरं चार-चार दिवस त्यातच फिरत राहायची. पाचव्यात कारखान्याचं आवार आणि सहाव्यात कारखान्यामागचं माळरान, त्यावर पाचटाच्या झोपड्या आणि त्यातल्या मधल्या झोपडीला एक दार.

चौथ्या प्रकरणाच्या तोंडाशी भली मोठी पाटी होती, "लटांबर आले आहे. खिडक्या लावून घ्या." हे वाक्य माझं. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या खिडकीखालून इथल्या साखर कारखान्याकडे जायच्या. बैलगाड्या, गाडीत भांडी, कोंबड्या, पोरं, मागून चालणाऱ्या बाया. धुरळा थेट माझ्या टाइपरायटरांवर. मी दर वर्षी न चुकता ओरडायचे, "आलं लटांबर! खिडक्या लावा गं!" मुली हसायच्या. आणि सर स्वतः उठून उरलेल्या खिडक्या लावायचे. एक दिवस त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमचं ते वाक्य मी खेळात घेऊ का?" मला कोण आनंद झाला! आपल्या विनोदबुद्धीची कुणीतरी कदर केली, असं वाटलं. ती पाटी मी फार मन लावून काढली.

खेळाचं उद्घाटन आमच्याकडे जसं कशाचंही होतं तसंच झालं. मॉनिटरला लाल फीत बांधली. प्रमुख पाहुणे खालच्या खताच्या दुकानाचे मालक. कात्री सापडेना, म्हणून फीत ब्लेडनं कापली. सरांनी कॉम्प्युटरजवळ नारळ फोडू दिला नाही, तो जिन्यात फोडला. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की येणारं युग संगणकाचं आहे आणि या खेळाचा उपयोग तरुणांनी शेतीसाठी करावा. टाळ्या पडल्या. पेढे वाटले. मग सरांनी एक जाडजूड वही काढली आणि टेबलावर ठेवली. वर लिहिलं होतं, "अभिप्राय".

नियम असा, की जो खेळेल त्यानं वहीत आपलं मत लिहायचं, खाली सही करायची. आणि सर प्रत्येक मताखाली तांबड्या शाईनं उत्तर लिहायचे. अहो, उत्तर कसलं, भांडणच ते.

सुनील नावाचा बागाइतदाराचा मुलगा होता. कोल्हारहून मोटरसायकल हाणत यायचा. त्यानं लिहिलं, "सर, ह्या खेळात आपल्याला कुनी मारतच न्हाई. मजा येत न्हाई." खरंच होतं ते. ती तीन डोळ्यांची माणसं कुणाच्या अंगावर यायची नाहीत. आपण दिसलो की बोचकं सावरत पळायची. बंदुकीच्या खेळात आपल्याला मरायची सोयच नाही, म्हणजे जेवणाच्या ताटात मीठ नाही, असं सुनीलचं म्हणणं. त्याखाली सरांची तांबडी शाई: "आपल्याला कुणी मारलेच पाहिजे, असा आग्रह का?"

प्रशांत डिप्लोमा करत होता, म्हणून त्याला टीका करायचा परवाना होता. त्यानं लिहिलं, "चित्रे बरी. कथानक संथ. शत्रूचा हेतू स्पष्ट होत नाही." तांबडी शाई: "तुम्ही त्यांना विचारलेत का?" यावर प्रशांत दोन दिवस रुसला. अर्थात, खेळात विचारायचं बटण नव्हतं हा त्याचा मुद्दा रास्त होता.

आणि तिसरे ताराचंदभाऊ, टेम्पोवाले. खाली टेम्पोत खताची पोती भरेपर्यंत ते वर येऊन खेळायचे. त्यांची मुख्य तक्रार, "मंगळावर येवढा मोठा कारखाना, आन् एक टेम्पो न्हाई? मानसानं किती चालायचं?" पण उसाचं प्रकरण त्यांना फार आवडलं. कुणालाच न आवडलेलं ते एकच प्रकरण, आणि ते या गृहस्थांना आवडावं! त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, "उसात शिरल्यावर असाच जीव घाबरा हुतो. पानं कापतात. हे ज्यानं केलंय त्यानं ऊस तोडलेला हाय."

मी ते मोठ्यानं वाचून खदाखदा हसले. "सर, ऐकलंत का? तुम्ही म्हणे ऊस तोडलाय!"

सर बाहीचं बटण नीट करत म्हणाले, "त्यांचे विधान अतिशयोक्त आहे." आणि त्या अभिप्रायाखाली पहिल्यांदाच त्यांनी भांडण केलं नाही. नुसतं लिहिलं, "वाचले."

पण खरं घोडं अडलं ते शेवटच्या दारापाशी. सहाव्या प्रकरणापर्यंत जो पोहोचला त्यानं येऊन एकच गाऱ्हाणं सांगितलं. सर, दार उघडत नाही. सुनीलनं तर त्या माळरानावर एकही तीन डोळ्यांचा प्राणी शिल्लक ठेवला नव्हता, सगळं साफ. दार बंद. त्यानं वहीत लिहिलं, "खेळात घोळ हाय." प्रशांतनं आतली फाइल तपासल्याचा आव आणून रचनेतली चूक असल्याचा निकाल दिला. सरांनी दोघांच्याही खाली तेच लिहिलं, "दार उघडते. मी तपासले आहे."

"अहो, पण कसं उघडतं ते तरी सांगा!"

"सांगितले तर काय उपयोग?"

मग कुणीतरी शोध लावला की एकाला जरी गोळी लागली तरी दार कायमचं मिटतं. असं असेल तर, सुनील म्हणाला, बंदूक दिलीच कशाला? मलाही ते पटलं. दोन वर्षं राबून बंदुकीचा खेळ करायचा आणि बंदूक चालवली की शिक्षा! डोकं ठिकाणावर असलेला माणूस असं करतो का? शोध लागूनही पोरांच्यानं राहवायचं नाही. समोर एवढी आयती माणसं बसलेली, हातात बंदूक. बोट काही थांबायचं नाही. ताराचंदभाऊ मात्र पार दारापर्यंत गेले, एकालाही धक्का न लावता. सर खुर्चीवरून उठून त्यांच्या मागं येऊन उभे राहिले. मी सरांना श्वास रोखून धरताना पहिल्यांदा बघितलं. तेवढ्यात एक हिरवं पोर आडवं आलं आणि धाडकन आवाज झाला.

"काय केलंत हे?" सर जवळजवळ ओरडलेच.

"हॉर्न द्यायला गेल्तो वो सर," ताराचंदभाऊ रडवेले होऊन म्हणाले. "सवय हाय हाताची. आडवं आलं की बोट जातं." त्या दिवशी त्यांनी वहीत लिहिलं, "एक पोर पडलं. उगाच पडलं." सरांनी तांबडं पेन उघडलं आणि टोपण लावून पुन्हा खिशाला अडकवलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या माणसाला बाकी काही नको. कौतुक नको, टीका चालेल, फक्त कुणीतरी एकदा ते दार उघडून आत जावं. आणि ते सांगून नाही, आपल्या मनानं. एवढ्याचसाठी दोन वर्षं डोळे फोडून घेतले होते. मला त्यांची कीव आली आणि हसूही आलं. मी हसूच दाखवलं, कारण ते मला जास्त जमायचं.

पुढच्या पावसाळ्यात बसस्टँडजवळ दुसरा क्लास निघाला. आठ कॉम्प्युटर, थंड हवेची मशीन, आणि पुण्याहून आलेला नवा कोरा खेळ, ज्यात पहिल्या सेकंदापासून बंदूक होती आणि शत्रू दर दोन पावलांवर आनंदानं तुमचा जीव घ्यायचा. पंधरा दिवसांत आमची माडी ओस पडली. सुनील जाताना म्हणाला, "सर, राग मानू नका, पन तिकडं लई भारी मारत्यात." माझ्याही टायपिंगच्या मुली एकेक करून तिकडं सरकल्या. सरांनी शांतपणे सांगितलं, "दसऱ्यानंतर क्लास बंद करू." आणि मग, "बाई, तुम्ही एकदा बघता का? फक्त एकदा."

याआधी त्यांनी दहादा विचारलं होतं आणि मी दहादा नाक मुरडलं होतं. "मला नाही ते ढिशुम ढिशुम जमत." पण आता माझ्यासमोर सहा टाइपरायटर आणि शून्य विद्यार्थिनी होत्या. म्हटलं, बघू तरी, माणूस इतकं म्हणतोय.

मी कॉम्प्युटरसमोर बसले. सर म्हणाले, "बाणांची बटणे चालायला. स्पेसबार दार उघडायला. बस."

आठ-दहा दुपारी मी मंगळावर चालत होते. बोटं टायपिंगच्या जागेवर, नजर समोर. पत्र मिळवलं, शिक्का मिळवला. साहेब जागेवर नव्हतेच. तिसऱ्या दुपारी हातात बंदूक आली आणि मला ती खाली कुठं ठेवायची ते समजेना. मग तशीच पुढं धरून हिंडत राहिले. आणि चौथ्या प्रकरणाच्या तोंडाशी माझीच पाटी समोर आली. माझ्याच हातची अक्षरं. लटांबर आले आहे, खिडक्या लावून घ्या. पाटीखालून ती माणसं बोचकी सावरत पळाली. त्यांच्यातल्या एकीच्या कडेवर पोर होतं आणि ती पळताना मागं वळून बघत होती. या चित्राबद्दल इतक्या दिवसांत कुणी मला सांगितलं नव्हतं. मला काहीतरी टोचलं, पण काय ते नीट कळलं नाही. मी चालत राहिले.

शेवटच्या दुपारी माळरान आलं. झोपड्या आल्या. ती माणसं बसली होती. या वेळी पळाली नाहीत. त्यांतली एक बाई चूल फुंकत होती. एक पोर पाटी-पेन्सिल घेऊन दारात बसलं होतं, मी अडखळत त्याला वळसा घातला. मागं सर उभे होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. दारासमोर गेले आणि अंगठ्यानं स्पेसबार दाबला.

दार उघडलं.

आत एकच भिंत होती, आणि अख्ख्या भिंतीवर एक बाई. चौकटी भरून, ठिपका ठिपका लावून काढलेली. काष्टा घातलेली नऊवारी, कमरेला कोयता, डोक्यावर उसाची मोळी, कडेवर पोर. तिला दोनच डोळे होते.

"ही आमची माय," सर म्हणाले. आवाज त्यांचाच, पण मराठी दुसरीच. "पाथर्डीकडून यायचो आमी. हितल्याच कारखान्याच्या मागं पाचटाची कोपी हुती आमची. मी हितंच जलमलो, बाई."

मला लाज वाटली. साधी नाही, कानशिलं तापेपर्यंत. सहा वर्षं मी या माणसासमोर दर हंगामाला ओरडत होते, लटांबर आलं, खिडक्या लावा. आणि हा माणूस उठून माझ्या खिडक्या लावत होता. वर माझं वाक्य मागून घेतलं, आणि मला वाटलं, माझ्या विनोदाला दाद दिली!

"बाई," सरांनी विचारलं, आता पुन्हा शुद्ध, पण घाबरल्यासारखं, "तुम्ही गोळी का नाही मारलीत?"

खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. मला गोळीचं बटण कुठलं तेच माहीत नव्हतं. टाइपरायटरला कुठं असतं तसलं बटण? आणि तोंडावर खरं बोलण्याबद्दल मी अख्ख्या देवळालीत प्रसिद्ध होते. नवऱ्याला, सासूला, मुख्याध्यापकांना, कुणाला म्हणून सोडलं नव्हतं.

मी म्हणाले, "मारावीशी वाटली नाही, सर."

त्यांनी वही पुढं सरकवली. मी तेच लिहिलं, खाली सही केली. त्या वहीत पन्नासेक अभिप्राय असतील, नाक मुरडणारे, शिव्या घालणारे, टेम्पो मागणारे. सगळे खरे. खोटा एकच, तो माझा.

दसऱ्याला सरांनी चारही कॉम्प्युटरना हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आणि दुसऱ्या दिवशी ते विकून टाकले. खेळ त्यांच्यातल्याच एकात होता. त्याची प्रत त्यांनी ठेवली की नाही, मी विचारलं नाही. जाताना त्यांनी वर्तमानपत्रात बांधलेली वही माझ्या हातात दिली. "तुमच्याकडे राहू द्या." कुठं चाललात विचारलं, तर पहिल्यांदाच म्हणाले, "गावाकडं. पाथर्डीच्या पुढं." गावाचं नावही सांगितलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. हातांवर बारीक बारीक जुने ओरखडे होते, उसाच्या पानांचे असतात तसले.

घरी आल्यावर मी वही उघडली, थेट शेवटचं पान. माझ्या मताखाली, माझ्या सहीला लागून, तांबडी शाई होती.

"बाई, गोळीचे बटण मी तुम्हाला मुद्दामच सांगितले नव्हते. दारात कुणीतरी यावे, असे फार वाटत होते. क्षमा असावी. घाई मलाच झाली होती."